मोकळा दिसणारा मुलूख



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसायला मला मिळालं नाही. त्यांचे विद्यार्थी मात्र आज पुढच्या रांगांत दिसताहेत, आणि सरांची एक सवय मी त्यांच्याकडूनच ऐकली आहे. नकाशा भिंतीवर टांगला की सर आधी विचारायचे, ‘यात मोकळी जागा कुठे दिसते?’ कुणी बोट ठेवलं की लगेच पुढचा प्रश्न: ‘मोकळी का?’ आज मी इटलीतल्या एका प्रांतावर बोट ठेवणार आहे आणि त्या दुसऱ्या प्रश्नाच्या मागे लागणार आहे.

प्रांताचं नाव लाक्विला. मध्य इटलीत, रोमच्या पूर्वेला, अपेनाईन पर्वतरांगेच्या ऐन माथ्यावर. अब्रुत्सो विभागात चार प्रांत आहेत. तेरामो, पेस्कारा आणि किएती यांच्या वाट्याला एड्रियाटिकचा किनारा आला, लाक्विलाच्या वाट्याला डोंगर. क्षेत्रफळ पाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे अब्रुत्सोचा जवळजवळ अर्धा भाग. वस्ती तीन लाखांच्या आत. 1951च्या जनगणनेत ती साडेतीन लाखांच्या वर होती. पर्यटनाच्या पुस्तिकांना असा प्रदेश फार आवडतो. मानवी स्पर्श न झालेला, आदिम, अशी विशेषणं त्या सढळ हाताने वाटतात. इथल्या कांपो इंपेरातोरे या पठाराला तर ‘छोटं तिबेट’ असं नावच पडलं आहे. मला हे मान्य नाही. या प्रांतातला जो कोपरा आज रिकामा दिसतो, तो बहुतेक वेळा कुणीतरी, कशासाठी तरी रिकामा केलेला आहे आणि शोधलं तर त्याचं सालही सापडतं.

आधी दगड. हे डोंगर मुख्यतः चुनखडीचे. उबदार, उथळ समुद्रात साठलेले थर पुढे दाबाखाली उचलले गेले आणि त्यांची रांग झाली. त्यानंतर मात्र उलटी क्रिया सुरू झाली. गेली लाखो वर्षं इथलं भूकवच आडवं ताणलं जातं आहे. ताण आला की तडे जातात आणि तड्यांच्या कडेने जमिनीचे पट्टे खाली बसतात. म्हणून या प्रांतात डोंगर ओलांडला की सपाट, खोलगट खोरं लागतं, पुन्हा डोंगर, पुन्हा खोरं. लाक्विला शहराचं खोरं, सुल्मोनाचं खोरं आणि मार्सिका भागातलं फुचिनोचं खोरं ही त्यातली तीन मोठी. तिन्ही कधी ना कधी तळी होती, त्यामुळे तळाला गाळाची मऊ माती आहे. ही मऊ माती लक्षात ठेवा, पुढे दोनदा तिचं काम पडणार आहे.

चुनखडी पाणी धरून ठेवत नाही. पाऊस आणि बर्फाचं पाणी भेगांतून थेट आत उतरतं. त्यामुळे उंच पठारं कोरडी राहतात आणि पायथ्याला अचानक भरभरून वाहणारे झरे फुटतात. गावं बसली ती खडक संपून माती सुरू होते त्या सीमारेषेवर: वर चराई, खाली शेत, मध्ये झरा. नद्या दोन्ही समुद्रांकडे जातात. आतेर्नो आणि सांग्रो पूर्वेला एड्रियाटिककडे, लिरी पश्चिमेला तिऱ्हेनियन समुद्राकडे, आणि साल्तोचं पाणी शेवटी टायबरला मिळून रोमच्या पुलांखालून वाहतं.

सगळ्यांत उंच डोंगर ग्रान सास्सो. त्याचं कोर्नो ग्रांदे हे शिखर 2,912 मीटरचं, अख्ख्या अपेनाईनमध्ये सर्वोच्च. बोलोन्याचा लष्करी स्थापत्यविशारद फ्रांचेस्को दे मार्की 1573 साली त्यावर चढला. लेखी नोंद असलेली ही पहिली चढाई. शिखराच्या उत्तर कुशीतली काल्देरोने हिमनदी युरोपातली सर्वांत दक्षिणेकडची म्हणून अभ्यासक्रमांत असायची. आता तिचे दोन तुकडे झाले आहेत आणि तिला हिमनदी म्हणावं का, याचीच चर्चा असते.

ग्रान सास्सोच्या दक्षिणेला पसरलं आहे ते कांपो इंपेरातोरे. लांबी वीस किलोमीटरच्या वर, उंची साधारण 1,500 ते 1,900 मीटर. झाड जवळपास नाही. गवत, मध्ये पांढरे दगड आणि वर आभाळ. याच्याच एका टोकाच्या हॉटेलात मुसोलिनीला कैदेत ठेवलं होतं आणि 12 सप्टेंबर 1943 रोजी जर्मन सैनिकांनी ग्लायडर उतरवून त्याला पळवलं. पर्यटकांना हीच गोष्ट आधी सांगितली जाते. माझ्या दृष्टीने त्या पठारावरची ती सर्वांत किरकोळ घटना आहे. खरी घटना गवताची आहे. या उंचीचा सगळाच भाग निसर्गाने उघडा ठेवलेला नाही. पठाराच्या कडांवर आणि उतारांवर बीचची जंगलं होती, ती माणसाने तोडली आणि मेंढ्यांनी पुन्हा उगवू दिली नाहीत. शेकडो वर्षं, लाखो तोंडांनी.

आता मेंढ्यांकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण हा प्रांत समजून घ्यायचा तर मेंढ्यांच्या मागून चालावं लागतं.

उन्हाळ्यात या पठारांवर चारा मुबलक, हिवाळ्यात तीन-तीन फूट बर्फ. दक्षिणेकडच्या पूल्यामधलं ताव्होल्येरे हे मैदान उलट: उन्हाळ्यात रखरखीत, हिवाळ्यात हिरवं. म्हणून सप्टेंबरअखेर कळप खाली उतरायचे आणि मे-जूनमध्ये वर चढायचे. ही ये-जा रोमन काळाच्याही आधीची आहे. पण 1447 साली नेपल्सचा राजा आरागोनचा अल्फोन्सो याने तिच्यावर सरकारी खातंच बसवलं. त्याचं नाव मेंढ्यांच्या वाहतुकीची दोगाना, म्हणजे जकात-कचेरी. ती आधी लुचेराला होती, पुढे फोज्जाला गेली. या कचेरीचा सौदा साधा होता. ताव्होल्येरेमधली कुरणं राजाची. तिथे चारायचं तर डोईमागे शुल्क भरायचं. मोबदल्यात राजा वाट देणार, संरक्षण देणार आणि धनगराचा खटला गावच्या सरंजामदारापुढे न चालवता कचेरीच्या स्वतःच्या न्यायालयात चालवणार. नेपल्सच्या तिजोरीचा हा एक मोठा आधार होता. मेंढ्यांचे आकडे लाखांत नव्हे, भरभराटीच्या काळात दशलक्षांत मोजले जात.

वाट म्हणजे त्रात्तूरो. तिची सरकारी रुंदी साठ नेपोलितन पावलं, आजच्या मापाने 111 मीटर. पायवाट म्हणून डोळ्यांपुढे काही आणू नका. एखाद्या महामार्गाहून कितीतरी रुंद असा गवताचा पट्टा डोंगर-दऱ्या ओलांडत सरळ दक्षिणेला जातो. लाक्विला ते फोज्जा हा त्यातला सर्वांत लांब, 244 किलोमीटर. पेस्कास्सेरोली ते कांदेला 211 किलोमीटर. रुंदी एवढी का, तर कळपाला चालता चालता चरायचं असे आणि पंधरवडाभराच्या प्रवासात ते गवत हाच शिधा. शेजारच्या शेतकऱ्याचा डोळा अर्थातच या जमिनीवर. दरवर्षी नांगराचा एखादा तास आत सरकायचा. म्हणून कचेरी अधूनमधून मोजणी करून अतिक्रमण हटवायची आणि कडेला दगड रोवायची. हे दगड आजही सापडतात. गुडघ्याएवढा ओबडधोबड चुनखडीचा खांब, त्यावर छिन्नीने कोरलेली ‘आर टी’ ही रोमन अक्षरं: रेजियो त्रात्तूरो, राजाची वाट. अक्षरांत शेवाळ भरलेलं असतं, बोटाने चाचपलं की कळतं. ज्या माळाला मघाशी आदिम म्हटलं गेलं, त्यावर महसूल खात्याचा दगड उभा आहे!

आपल्याकडच्या धनगरांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल: रात्री जाळीच्या वाड्यात कोंडलेली खांड, पुढे मागे कुत्री, खाली शेतात बसवलेल्या मेंढ्यांचं खत. फरक सत्तेचा आहे. आपल्या धनगरांच्या वाटा गावोगावच्या रिवाजाने चालत आल्या. इथली वाट राजाने रुंदीसकट ठरवून दिली आणि तिचा हिशेब ठेवला. हिशेब ठेवला, म्हणून ती नाहीशी केव्हा झाली तेही सांगता येतं. 1806 साली नेपोलियनचा भाऊ जोसेफ बोनापार्त नेपल्सच्या गादीवर होता. त्याच्या कायद्याने दोगाना मोडीत निघाली, ताव्होल्येरेची जमीन कायमच्या भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात झाली. इटलीच्या एकीकरणानंतर 1865च्या कायद्याने ती नांगरायची पूर्ण मुभा मिळाली. खाली गहू आला, हिवाळ्याचं कुरण गेलं. हिवाळ्याचं कुरण गेल्यावर उन्हाळ्याच्या कुरणाचा उपयोग काय? अडीचशे किलोमीटर दूरच्या मैदानात नांगर लागला आणि इथल्या डोंगरावरची गावं ओस पडायला लागली. नंतर कळप आगगाडीने, मग ट्रकने जाऊ लागले. 2019 मध्ये युनेस्कोने ऋतुमानानुसारच्या या पशुस्थलांतराला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. मान्यता सहसा अशाच वेळी मिळते.

या लोकरीच्या पैशावर उभी राहिलेली गावं कशी होती ते पाहायचं तर सांतो स्तेफानो दि सेस्सानियोला जावं. 1,250 मीटर उंचीवरचं दगडी गाव. सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने हा सगळा टापू विकत घेतला, कारण इथल्या काळसर, जाड लोकरीला गिऱ्हाईक होतं. वेशीच्या कमानीवर त्यांचं कुलचिन्ह अजून आहे. आज गावात शंभर-सव्वाशे माणसं राहतात. गावातली रिकामी घरं एका उद्योजकाने घेतली, भिंतींवरची काजळीसुद्धा न पुसता डागडुजी केली आणि गावभर विखुरलेल्या खोल्यांचं हॉटेल केलं. जवळच्या रोक्का कालाशो किल्ल्यावर 1980च्या दशकात इंग्रजी चित्रपटांचं चित्रीकरण झालं. आता युरोपीय निधीतून दर विभागातल्या एका ओस गावाला दोन कोटी युरो देण्याच्या योजनेत अब्रुत्सोतून कालाशोचीच निवड झाली आहे. शंभरच्या आसपास वस्तीच्या गावाला दोन कोटी युरो! पैसा येतो आहे याचा आनंद आहे. पण गावाची शाळा, दवाखाना आणि बस तेव्हाच बंद झाली जेव्हा यातला शतांश पैसाही कुणी देत नव्हतं, हेही इथे बोलून टाकतो.

सगळंच ओस पडलं असं नाही. लाक्विलाहून सुल्मोनाकडे जाताना नावेल्लीचं पठार लागतं, साधारण 700 मीटर उंचीवर. तिथे केशर पिकतं. तेराव्या शतकात एका दोमिनिकन साधूने ते स्पेनहून आणलं अशी परंपरा सांगतात. पुढे जर्मन व्यापारी ते विकत घ्यायला इथवर येत. इथली रीत वेगळी आहे. इतर देशांत केशराचे कंद काही वर्षं जमिनीतच ठेवतात. इथे दर ऑगस्टमध्ये ते सगळे उकरतात, हाताने निवडतात, किडका-कुजका बाजूला काढतात आणि नव्या वाफ्यात पुन्हा लावतात. ऑक्टोबरात फुलं येतात ती पहाटे, कळी उमलायच्या आत खुडावी लागतात, कारण उन्हाने फूल उघडलं की तंतू मऊ पडतात. अंगणात बसून जांभळ्या पाकळ्या बाजूला सारायच्या, तीन लाल तंतू नखाने अलगद तोडायचे, ते चाळणीवर पसरून ओक किंवा बदामाच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर टांगायचे. ओलं केशर सहापट हलकं होतं. किलोभर केशराला सुमारे दोन लाख फुलं लागतात. ज्या घरात पहाटे चार माणसं वाकू शकतात त्याच घरात हे पीक टिकतं, आणि म्हणून इथे केशराचं क्षेत्र बाजारभावाने ठरत नाही, घरात राहिलेल्या माणसांवर ठरतं.

प्रांताच्या दक्षिणेला सांग्रो नदीचा उगम आहे आणि त्याच टापूत अब्रुत्सोचं राष्ट्रीय उद्यान. 1922 मध्ये पेस्कास्सेरोलीला त्याचं उद्घाटन झालं, पुढच्या वर्षी राजाज्ञा निघाली. त्याआधी हे राजाचं शिकारीचं रान होतं. इथल्या बीचच्या काही झाडांचं वय पाचशे वर्षांच्या पुढे आहे. विल्लाव्हाल्लेलोंगाजवळचं ते जंगल 2017 पासून जागतिक वारशात गणलं जातं. इथलं तपकिरी अस्वल, मार्सिकन अस्वल, जगात दुसरीकडे कुठेच नाही. संख्या सारी पन्नास-साठ.

सांग्रोचं नाव आपल्याकडच्या काही घरांत ऐकलेलं असेल. 1943च्या शरद ऋतूत जर्मन सैन्याने इटलीच्या कमरेवर आडवी बचावफळी बांधली आणि तिचं पूर्वेकडचं टोक याच नदीच्या काठाने जात होतं. वरच्या डोंगरात, म्हणजे लाक्विला प्रांतात, पाऊस पडला की खालच्या खोऱ्यात एका रात्रीत पूर येई आणि ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीने बांधलेले पूल वाहून जात. त्या आर्मीत आठवी हिंदी डिव्हिजन होती आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांना ज्या लढाईत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती पुढच्या वर्षीची, टायबरच्या वरच्या खोऱ्यातली. नावं ऐकताना आपण या दोन आघाड्या एकात एक मिसळतो. सांग्रोच्या मुखाजवळच्या युद्धस्मशानात एक स्वतंत्र स्मारक आहे, ज्यांच्या देहांना अग्नी दिला गेला अशा पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांचं. वरच्या बाजूला, रोक्काराझोजवळच्या पिएत्रान्सिएरीत, त्याच नोव्हेंबरात जर्मन सैनिकांनी 128 गावकऱ्यांना ठार केलं. बचावफळीच्या समोरची गावं रिकामी करायचा हुकूम होता आणि हे लोक आपली शेतं-गुरं सोडून गेले नव्हते. ‘मोकळी का?’ या प्रश्नाचं हे सर्वांत निर्घृण उत्तर.

आता मऊ माती. 6 एप्रिल 2009, पहाटे 3 वाजून 32 मिनिटं. लाक्विला शहराखाली 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, 309 माणसं गेली. ओन्ना नावाचं छोटं गाव जवळजवळ पूर्ण कोसळलं, तिथे चाळीस मृत्यू. ओन्नापासून फार तर दीड किलोमीटरवर मोंतिक्यो गाव आहे. तिथे तुलनेने किरकोळ पडझड झाली. ओन्ना जुन्या तळ्याच्या गाळावर बसलेलं, मोंतिक्यो खडकावर. गाळ हादरा वाढवतो. भेग जिथून गेली त्या पागानिकात जमिनीखालची पाण्याची मोठी नळवाहिनी तुटली आणि फवाऱ्याने रस्ताच खणून काढला. लाक्विलाला हे नवं नव्हतं. 1349, 1461, 1703: शहर बांधायचं, पडायचं, पुन्हा बांधायचं, असा त्याचा इतिहास. 1294 मध्ये पाचवा सेलेस्टाइन ज्या कोल्लेमाज्जो चर्चमध्ये पोप झाला, तेही अनेकदा पडून उभं राहिलं आहे.

या भूकंपानंतरच्या खटल्याबद्दल जगभर एक विनोद पसरला, की इटलीने भूकंपाचं भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकलं. आरोप तो नव्हता. महिनोन्‌महिने छोटे धक्के बसत होते. 31 मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली आणि लोकांपर्यंत निरोप पोचला तो निश्चिंत राहा असा. जुनी माणसं धक्का बसला की कांबळं घेऊन उघड्यावर झोपायची. त्या निरोपानंतर काही जण घरातच थांबले. 2012 मध्ये सात जणांना शिक्षा झाली, 2014 मध्ये अपिलात सहा शास्त्रज्ञ सुटले, एका अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन कायम राहिली. निकाल बरोबर की चूक हे कायदेपंडितांनी सांगावं. माझ्या मते हा खटला भूगर्भशास्त्राबद्दल नव्हताच. उघड्यावर झोपण्याच्या एका जुन्या शहाणपणाला अधिकारवाणीने मोडीत काढलं गेलं, त्याबद्दल होता. भूकंपानंतर शहराचा जुना गाभा कुंपण घालून बंद केला गेला आणि माणसं बाहेर बांधलेल्या एकोणीस नव्या वसाहतींत गेली. 2026 साठी लाक्विला इटलीची सांस्कृतिक राजधानी ठरली आहे, वाडे झकास रंगवले आहेत, आणि त्या वाड्यांतल्या बऱ्याच खिडक्यांत रात्री दिवा नसतो.

रिकामं करणं डोंगराच्या आतही झालं. ग्रान सास्सोच्या पोटात दहा किलोमीटरचा मोटाररस्त्याचा बोगदा आहे, 1984 पासून वापरात. खोदताना 1970 मध्ये डोंगराच्या आतलं पाणी प्रचंड दाबाने फुटलं आणि बोगद्यात शिरलं; त्यानंतर डोंगरातली पाण्याची पातळी कायमची खूप खाली गेली. बोगद्याला लागूनच कणभौतिकीची प्रयोगशाळा, वर 1,400 मीटर खडक, म्हणजे वैश्विक किरणांपासून आडोसा. एकाच डोंगरात तीन गिऱ्हाइकं: मोटारी, न्यूट्रिनो आणि लाखो लोकांचं पिण्याचं पाणी. 2002 मध्ये प्रयोगशाळेतून रसायन सांडलं तेव्हा यातलं कोण आधी आणि कोण नंतर, हा वाद उघड्यावर आला. तो अजून मिटलेला नाही.

शेवटी फुचिनो. मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण रिकामं करण्याचं सर्वांत मोठं काम इथे झालं.

अवेत्सानो शहराच्या पूर्वेला तुम्हाला पत्त्यासारखं सपाट मैदान दिसेल. सरळ रेषेत कालवे, सरळ रेषेत क्रमांक दिलेले रस्ते, दुतर्फा पॉपलर, मध्ये बटाटा, गाजर, सलाड. दीडशे वर्षांपूर्वी इथे तळं होतं. सुमारे 150 चौरस किलोमीटर, गार्दा आणि माज्जोरे यांच्यानंतर इटलीतलं तिसरं मोठं. त्याला वाहून जायला वाटच नव्हती. पाणी जमिनीतल्या भेगांतून जाईल तेवढंच जाई. एका वर्षी काठची शेतं बुडायची, दुसऱ्या वर्षी चिखल उघडा पडून हिवताप. सम्राट क्लॉडियसने साडेपाच किलोमीटरचा बोगदा खणून तळ्याचं पाणी लिरी नदीत सोडायचं ठरवलं. तीस हजार मजूर अकरा वर्षं राबले असं स्वेटोनियस लिहितो. इसवी सन 52 मध्ये उद्घाटनाला तळ्यात खोट्या नौकायुद्धाचा तमाशा झाला. रोमचं राज्य ढासळल्यावर बोगदा गाळाने बुजला आणि तळं परत आलं.

1854 मध्ये रोमचा सावकार अलेस्सांद्रो तोर्लोनिया याने हे काम अंगावर घेतलं. फ्रेंच अभियंता मोंत्रिशे आणि त्याच्यामागून आलेल्या दोघांनी जुन्या बोगद्याच्याच मार्गाने, पण रुंद आणि सव्वासहा किलोमीटर लांब असा नवा बोगदा केला. 1870च्या दशकात तळं संपलं. तोर्लोनियाला राजाकडून ‘फुचिनोचा प्रिन्स’ हा किताब मिळाला आणि सुमारे 14 हजार हेक्टर जमीन. काठच्या कोळ्यांना काय मिळालं? त्रासाक्को, लुको, सान बेनेदेत्तो ही गावं आजही जुन्या काठावर ओळीने उभी आहेत, समोर पाणी नसलेली. जाळी गेली आणि त्यांच्या हातात दुसऱ्याच्या जमिनीवरचं कुदळ-फावडं आलं. हवामानही फिरलं: तळं हिवाळ्याची धार कमी करायचं, ते गेल्यावर थंडी कडक झाली, ऑलिव्हची झाडं मागे हटली.

13 जानेवारी 1915 रोजी सकाळी 7 वाजून 52 मिनिटांनी याच मऊ गाळाच्या कडेने भूकंप झाला. मार्सिकामध्ये तीस हजारांच्या आसपास माणसं गेली. एकट्या अवेत्सानोत दहा हजारांवर, म्हणजे शहरातला वाचलेला माणूस शोधावा लागत होता. पेशीना गावचा चौदा वर्षांचा एक मुलगा त्यात आईला मुकला. तो पुढे इन्यात्सियो सिलोने या नावाने लिहू लागला आणि त्याने 1933च्या ‘फोन्तामारा’ कादंबरीत फुचिनोच्या काठावरच्या शेतकऱ्यांचं पाणी कागदावर सही घेऊन कसं पळवलं जातं ते सांगितलं. मुसोलिनीच्या इटलीत ते छापलं जाणं शक्य नव्हतं. पहिली आवृत्ती झुरिकमध्ये जर्मन भाषेत निघाली.

तोर्लोनियांची जहागीर दुसऱ्या महायुद्धानंतरही चालूच होती. 1950च्या हिवाळ्यात मजुरांनी उलटा संप केला. काम थांबवण्याऐवजी त्यांनी कुणी न सांगता काम सुरू केलं: कालवे उपसले, रस्ते दुरुस्त केले आणि मग मालकाकडे मजुरी मागितली. मला ही आंदोलनाची फार चतुर रीत वाटते, कारण काम नाही या सबबीला तिने जागाच ठेवली नाही. 30 एप्रिलच्या रात्री चेलानोत जमलेल्या शेतमजुरांवर गोळीबार झाला, दोघे गेले. पुढच्या वर्षी सरकारने जहागीर ताब्यात घेऊन हजारो कुटुंबांना वाटली. वाटण्या दीड-दोन हेक्टरच्या, म्हणजे पोट भरण्याच्या सीमेवर. म्हणून वाटणी मिळालेल्या घरांतली मुलंही बेल्जियमच्या खाणींत, जर्मनीच्या कारखान्यांत गेली.

आज या मैदानात 1963 पासूनचं उपग्रह-केंद्र आहे, डझनावारी पांढऱ्या तबकड्या गाजरांच्या शेतांतून वर बघत असतात. ऑगस्ट 2023च्या शेवटी सान बेनेदेत्तोत दोन पिलांसह शिरलेल्या आमारेना नावाच्या प्रसिद्ध अस्वल मादीला एका माणसाने गोळी घातली. डोंगरावर माणसं घटली की अस्वलं खाली येतात, आणि खाली तर माणसं आहेत. शेतांत वाकून गाजर आणि सलाड काढणारे हात बहुतेक मोरोक्कोहून आलेल्यांचे आहेत. लुको देई मार्सी गावात त्यांची कुटुंबं पिढीभर स्थिरावली आहेत, शाळेच्या पटावर त्यांच्या मुलांचा मोठा हिस्सा आहे. ‘आमचा प्रांत रिकामा होत चालला’ या तक्रारीची सभा अवेत्सानोत भरते तेव्हा या मुलांचे आईबाप सहसा व्यासपीठावर नसतात, आणि समोरच्या खुर्च्यांतही क्वचितच दिसतात. सभा ज्या वेळेला ठेवतात, त्या वेळी त्यांची शेतातली पाळी चालू असते.